कंसाचं डोकं आणि कालियाचा डोह

सुरतेत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपयांचा होता. थिएटरवाल्याचं गाऱ्हाणं रास्त होतं. दोन आण्यांत लोकांना सहा तासांचं नाटक बघायला मिळतं. तासा-दीड तासात आटोपणाऱ्या खेळाला ते तीन आणे का मोजतील? चित्र लांबवा, असं त्याचं म्हणणं पडलं. दादासाहेब फाळक्यांनी चित्र लांबवलं नाही, जाहिरात बदलली. 57 हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर अवघा तीन आणे! गर्दी लोटली.

ही गोष्ट मराठी सिनेमाच्या इतिहासात बऱ्याचदा सांगितली जाते, पण तिचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती 3700 फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे एकूण चौकटी 59 हजारांच्या घरात. फाळक्यांनी आकडा वाढवून नव्हे, थोडा कमीच सांगितला. दोन मैल मात्र 10,560 फूट होतात. तिथे त्यांनी जवळजवळ तिप्पट फेकली. एका वाक्यात कारागिराचा हिशोब, दुसऱ्यात दुकानदाराचा.

चौकटी मोजण्याची ही सवय त्यांच्या धंद्याचा कणा होती. त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती, हँडल होतं. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकत आणि सेकंदाला दोन फेरे पडत. हात एका लयीत चालला तर पडद्यावरची माणसं माणसांसारखी चालत; हात मंदावला तर पडद्यावर तीच पळत सुटत. मूकपटांच्या काळातल्या सगळ्या चमत्कारांचं मूळ या हँडलात होतं. हात थांबवला, सगळ्यांना जागच्या जागी खिळवून ठेवलं, एका माणसाला चौकटीबाहेर काढलं आणि पुन्हा हात फिरवला, की तो माणूस पडद्यावर अंतर्धान पावे. भिंगाचं तोंड हळूहळू मिटत आणलं, फिल्म मोजून तेवढेच फेरे मागे घेतली आणि दुसऱ्या दृश्यावर तोंड हळूहळू उघडलं, की पहिलं दृश्य विरत दुसरं उमटे. काळ्या पडद्यापुढे एकाचं चित्रण करून तीच फिल्म पुन्हा चालवली, की एका चौकटीत दोन माणसं येत, किंवा एकच माणूस दोनदा. हे सारं कॅमेऱ्याच्या पोटातच व्हायचं. नंतर दुरुस्तीला वाव नव्हता. एक फेरा चुकला की दिवसभराचं काम मातीत.

धुंडिराज गोविंद फाळके (जन्म त्र्यंबकेश्वर, 30 एप्रिल 1870) या कामासाठीच घडले होते असं वाटावं, इतकं त्यांचं आधीचं आयुष्य इकडे वळत गेलेलं दिसतं. जे. जे. कला विद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला, छायाचित्रण, छपाईच्या प्रक्रिया. गोध्र्यात फोटो स्टुडिओ. तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम, आणि त्या निमित्ताने घराघरांत पोचलेल्या देवांच्या चेहऱ्यांशी रोजची गाठ. या सगळ्याच्या मधोमध जादूगिरी. कार्ल हर्ट्झ या परदेशी जादूगाराशी ओळख झाल्यावर ते हातचलाखी शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करू लागले. सिनेमात आल्यावरही केळफा रजेवर गेला नाही. फाळक्यांनी त्याचे खेळ फिल्मवर घेतले आणि स्वतःच पडद्यावर उभे राहिले.

पॅरिसला जॉर्ज मेलिएस हाही मुळात जादूगारच. रोबेर-उदँ या जादूच्या थिएटरचा मालक. रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा अडकला, पुन्हा चालू केला तेव्हा प्रवासी गाडीच्या जागी शववाहिका आलेली, आणि पडद्यावर एकाची दुसरी झाली, अशी आठवण तो सांगे. तशी ही युक्ती त्याच्याही आधी, 1895 मध्ये, एडिसनच्या कंपनीने राणी मेरी स्टुअर्टच्या शिरच्छेदाच्या चित्रात वापरली होती. मेलिएसने तिची शेकडो रूपं केली. 1902 चा त्याचा चांद्रप्रवास जगभर गेला. पण मेलिएसच्या बहुतेक चित्रांत कथा ही जादूला टेकायला दिलेली खुंटी असते. माणूस स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो. का ठेवतो, हे विचारायचं नसतं.

फाळक्यांकडे हे उलटं झालं, आणि त्यांचं मोठेपण इथे आहे. त्यांनी निवडलेल्या कथांमध्ये चमत्कार आधीपासूनच होता, तोही नेमक्या वळणावर. हरिश्चंद्राची परीक्षा संपते तेव्हा देव प्रकट व्हावाच लागतो. नाहीतर कथा संपत नाही. हनुमानाची शेपटी वाढावीच लागते. नाहीतर लंका जळत नाही. कॅमेऱ्याची करामत काढून घेतली तर मेलिएसचं चित्र फिकं पडेल, फाळक्यांचं चित्र अडून बसेल.

हे सगळं सुरू झालं ते मात्र देवापासून नव्हे, वाटाण्यापासून. 1911 मध्ये गिरगावात ‘ख्रिस्ताचे जीवन’ पाहिलं आणि डोळ्यांपुढे रामकृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, हे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत लिहिलं. 1912 च्या आरंभी लंडन गाठलं, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन परतले. पैसे लावणाऱ्याला दाखवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला. भांडवल मिळालं, उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. ‘अंकुराची वाढ’ हा आपल्याकडचा पहिला विशेष परिणाम म्हणायला हरकत नाही. त्यात देव नाही, राक्षस नाही, फक्त काळ आखडून घेतलेला आहे.

सरस्वतीबाईंचं नाव दागिन्यांपुरतं घेऊन पुढे जाणं अन्यायाचं होईल. कोरी फिल्म भोकांशिवाय येई. अंधारात बसून ती भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं आणि युनिटचा स्वयंपाक, हे सारं त्यांच्याकडे होतं. भोकं सारख्या अंतरावर पडली नाहीत तर चित्र पडद्यावर थरथरतं, आणि दोनदा चित्रण केलेल्या फिल्मवर ती थरथर लगेच पकडली जाते: एक माणूस स्थिर, दुसरा हलणारा. देव स्थिर प्रकट व्हावा याची निम्मी जबाबदारी त्या अंधाऱ्या खोलीतल्या हातांवर होती.

3 मे 1913. गिरगावचा कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ. तिथे ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे, म्हणून इथे आवरती घेऊ. तारामती झालेले अण्णा साळुंके हे हॉटेलातले स्वयंपाकी होते. दहा रुपयांच्या नोकरीवरून पंधरावर आले. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज जी रिळं पाहायला मिळतात ती 1917 मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. रिळं कुठलीही असोत, विश्वामित्राच्या होमकुंडातल्या ज्वाळांत दिसणाऱ्या त्रिशक्ती त्यांत आहेत. राजा त्यांना सोडवायला जातो आणि तिथून त्याच्यामागे सत्त्वपरीक्षा लागते. पहिली करामत आणि कथेची पहिली कळ एकाच जागी दाबलेली.

त्याहून रंगतदार उदाहरण 1918 च्या ‘श्रीकृष्णजन्मा’तलं. या चित्रपटाचा तुकडाच उरला आहे, पण त्यात कंस आहे. देवकीच्या मुलाच्या हातून मृत्यू, हे ऐकून असलेला, झोप उडालेला कंस. त्याच्याभोवती कृष्ण दिसू लागतात, आणि पाहता पाहता त्याचं डोकं धडापासून सुटतं, वर जातं, पुन्हा येऊन मानेवर बसतं. अशा दृश्याची त्या काळची रीत माहीत असली तरी नजर हटत नाही. भिंगापुढे काळा आडोसा धरून चौकटीचा एक भाग कोरा राखायचा, फिल्म मागे घ्यायची, आणि आडोसा उलटा धरून त्या कोऱ्या जागेत फक्त डोकं टिपायचं. बाकी अंग काळ्या कापडात. नटाने दोन्ही वेळा मान नेमकी तिथेच धरली नाही तर जोड दिसतो.

पण खरी गंमत जोडात नाही. कंस अजून मेलेला नाही. मरणार हे त्याला ठाऊक आहे. नाटकात हे सांगायला स्वगत लागलं असतं, कीर्तनात बुवांनी दहा मिनिटं घेतली असती. इथे एक शब्द नाही. माणसाच्या मनातली भीती बाहेर काढून त्याच्याच मानेवर दाखवली आहे. 1918 सालच्या आपल्या सिनेमात हे घडलं, याचं म्हणावं तेवढं कौतुक आपण केलेलं नाही.

1919 चा ‘कालियामर्दन’ त्यामानाने बराच शाबूत आहे. कृष्ण झाली होती फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय सातच्या आसपास. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर येऊन चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते: राग, हसू, रडू. फाळके जणू प्रेक्षकाला माल आधी पारखून घ्यायला सांगतात. मग गोकुळातल्या खोड्या, सावकाश, ऐसपैस. झोपलेल्या नवरा-बायकोची दाढी आणि केस एकमेकांना बांधून ठेवणारा हा कृष्ण देव कमी आणि गल्लीतलं कार्टं जास्त आहे. शेवटी डोह येतो. पोर उडी घेतं, पाण्याखाली नागाशी झुंज सुरू होते. नागाचं धूड उघडउघड बनावट आहे. आज कुणी लहान मूलही फसणार नाही. पण फाळके झुंज सलग दाखवतच नाहीत. पाण्याखाली थोडं, मग काठावर. काठावर यशोदा, नंद, गोपगोपी, कुणी छाती बडवतंय, कुणी पाण्याकडे टक लावून आहे. पुन्हा खाली. पुन्हा वर. बनावट नागाला वजन येतं ते काठावरच्या या चेहऱ्यांमुळे. शेवटी पोर फण्यावर उभं राहून वर येतं, तेव्हा पडद्यातली गर्दी हात जोडते आणि थिएटरातली गर्दी तिच्यात मिसळते.

ही काठावरची गर्दी कुठून आली हे समजून घ्यायला मुंबईपेक्षा पूर्व विदर्भातली झाडीपट्टी बरी. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, कोंढा-कोसरा ही जोडनावाने ओळखली जाणारी गावं आहेत. धानाचा मुलूख. दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुण्यांची वर्दळ, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार, खडी गंमत किंवा वडश्याहून आलेल्या कंपनीचं नाटक, पार उजाडेपर्यंत. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला तरी रात्रीचं नाटक ठरलेलं. रामायण-महाभारतातली आख्यानं दंडारीत आहेत, बाईचं काम पुरुषाने करायची जुनी चाल आहे आणि समोर बसलेल्यांना कथा पुढे काय होणार हे नटाइतकंच ठाऊक असतं. त्यांना ‘काय होणार’ नको असतं, ‘कसं करून दाखवणार’ हे हवं असतं. मध्येच पोर झोपलं, कुणी पान खायला उठलं, तरी धागा तुटत नाही.

फाळक्यांचा प्रेक्षक मुळात हाच होता. मुंबईच्या थिएटरात बसला तरी तो दंडारीचा, लळिताचा, कीर्तनाचा माणूस. फाळक्यांच्या चित्रांत प्रसंगांची साखळी आजच्या डोळ्यांना तुटक वाटते. मधले दुवे त्यांनी गाळलेले असतात. प्रेक्षकाने ते घरूनच आणलेले असत. त्यामुळे फिल्मचा प्रत्येक फूट ते वळणावर खर्च करू शकत, आणि वळण म्हणजे चमत्कार. पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या दोन-दोन भाषांत असायच्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरात पाट्या मोठ्याने वाचणारा माणूसही असे. साथीला पेटी, तबला. मूकपट म्हणतात खरं, पण थिएटर कधी मुकं नसायचं.

चित्र आणि सांगणारा, ही जोडीही नवी नव्हती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरची चित्रं एकामागून एक पुढे धरत कथा गात आलेले आहेत. आणि कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तर 1890 च्या दशकात, ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला पहिला खेळ करण्याआधीच, ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागून दिवा, समोर पडदा. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ढबी वेगवेगळ्या काचांवर रंगवून ती भराभर बदलली की पात्र हलल्याचा भास होई. मुलं विनायक आणि रामचंद्र हाताशी. निवेदन, संगीत, सगळं घरचं. फाळक्यांच्या डोक्यावर ‘जनक’पणाचा जो मुकुट आपण ठेवला आहे त्याची थोडी झालर कल्याणला जायला हवी.

1917 च्या ‘लंकादहना’ने फाळक्यांना पैसा दिला. साळुंके एकाच चित्रात राम आणि सीता दोन्ही झाले. मद्रासेत या चित्राच्या गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगतात. चित्राचा आज तुकडाच शिल्लक आहे, पण ते पाहिलेल्या एका मुलाने पुढे साक्ष लिहून ठेवली. तो मुलगा म्हणजे जे. बी. एच. वाडिया, ‘हंटरवाली’वाल्या वाडिया मूव्हीटोनचे संस्थापक. ढगांत उंच उंच जाताना हनुमान लहान लहान होत जातो, आणि टेबलावर मांडलेल्या छोट्या प्रतिकृतीतून लंका जळताना दिसते, या दोन गोष्टी त्यांच्या लक्षात राहिल्या होत्या. टेबलावरची लंका आहे हे कळूनही ते भारावून गेले होते, हे विशेष. करामत उघडी पडली म्हणून ती फुकट जात नाही, हे जादूगाराला माहीत असतं. फाळक्यांनी तर ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचं चित्रच काढलं आणि स्वतःचं गुपित तिकिटावर दाखवलं! आगकाड्या हलवून, चौकट चौकट टिपून केलेली ‘आगकाड्यांची मौज’ही त्यांचीच, आपल्याकडच्या ॲनिमेशनची ती सुरुवात.

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी वेगळी वाट धरली. नात्यातल्या आनंदराव मेस्त्रींबरोबर त्यांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. 1917 च्या डिसेंबरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. फाळक्यांची करामत पाहून लोक हात जोडत, पेंटरांची पाहून दचकत. पेंटर हाडाचे चित्रकार होते. पडदे रंगवण्याऐवजी ते खोली देणारे सेट उभारत, प्रसंग आधी कागदावर रेखाटत, ‘सिंहगड’साठी (1923) त्यांनी कृत्रिम प्रकाशही वापरला. त्यांच्याच हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि 1929 मध्ये प्रभात निघाली. पुढे ‘संत तुकाराम’मध्ये (1936) वैकुंठाला जाणारं विमान उडालं ते या शाळेतून.

पेंटरांच्या मूकपटांचं फारसं काही हाती उरलेलं नाही. नायट्रेटची फिल्म पेटायला निमित्तच शोधत असते. पुण्यात 2003 मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूळ प्रती गेल्या. ज्यांच्या नकला आधी उतरवून ठेवल्या होत्या तेवढंच वाचलं. फाळक्यांचे चित्रपट जमवण्यासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी किती पायपीट केली, हे आज ‘कालियामर्दन’ पाहताना आठवावं.

बोलपट आला आणि फाळक्यांचं हँडल मागे पडलं. 1932 मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला: तोच हरिश्चंद्र, तीच तारामती, पण आता दुर्गा खोटे, आणि कथा पुढे नेणारी होती गाणी. त्याच सुमारास फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मुका म्हणून तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी 1937 मध्ये त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकुलता एक बोलपट केला. शंकराच्या जटेत गंगा उतरवायची होती, म्हणजे विषय त्यांच्याच हातचा. वय सदुसष्ट. त्यानंतर चित्रपट नाही. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले.

‘कालियामर्दन’ची उरलेली रिळं पाऊण तासाच्या आसपास चालतात. कोंढ्याच्या बाजूला मंडईच्या रात्री नाटकाचा पडदा उघडायच्या आधी ती दाखवायला काहीच हरकत नाही. मांडव असतो, लाइट असते, पेटी-तबला कंपनीबरोबर आलेलाच असतो. पाट्या वाचायला मात्र खणखणीत गळ्याचा माणूस हवा. 1919 सालीही तो लागतच होता.